सह्याद्रीतील दरडी : पावसाळी यात्रेकरूंसाठी माहिती

पावसाळ्यात कार्ल्याच्या श्री एकवीरा देवीच्या दर्शनास, तसेच भाजे व लोहगड परिसरात येणाऱ्या भाविकांना मावळचे डोंगर हिरवेगार व धबधब्यांनी नटलेले दिसतात. त्याच दिवसांत ते सर्वाधिक धोक्याचेही असतात. लोणावळा-खंडाळा भागात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील असतो.

दरड का कोसळते?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा प्रदेश घडला. कठीण काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये सच्छिद्र, ठिसूळ खडकाचे व लाल मातीचे थर आहेत. भेगांतून मुरलेले पाणी या थरांशी अडते. उतारावरील माती पाण्याने जड होते, आतील दाब वाढतो आणि तिची कातळावरील पकड सुटते. हिमालयातील हिमस्खलनातही असेच घडते. तेथे जुन्या बर्फातील कच्च्या थरावर ताज्या बर्फाचे ओझे येते.

मुरलेले पाणी लगेच ओसरत नाही. म्हणून पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, असे समजू नये.

अलीकडील दुर्घटना

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले व दीडशेहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्या मार्गाने आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा ही बातमी बाहेर पोहोचली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ‘येथे पूर्वी कधी दरड आली नाही’ हा भरवसा त्यामुळे पुरेसा नाही.

धोक्याची लक्षणे

१. जमिनीला नव्या भेगा पडणे.
२. झाडे वा विजेचे खांब कलणे.
३. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा नव्या जागी पाणी फुटणे.
४. वरून खडे गळणे, डोंगरात गडगडाट ऐकू येणे.

भाविकांनी घ्यावयाची काळजी

१. सलग मुसळधार पावसात व त्यानंतरचा एक-दोन दिवस डोंगर चढणे टाळावे.
२. कड्याखाली किंवा घाटातील कापलेल्या डोंगराजवळ विश्रांतीस अथवा छायाचित्रांसाठी थांबू नये.
३. दरड येताना दिसल्यास उताराच्या दिशेने न धावता तिच्या वाटेतून आडवे, बाजूला व्हावे.
४. एक दरड कोसळल्यावर त्याच जागी दुसरी येऊ शकते. सामानासाठी मागे फिरू नये.
५. प्रशासनाचे मनाई आदेश पाळावेत. मदतीसाठी ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

नवस ठरल्या तिथीलाच फेडावा, या ओढीने वृद्धांना व मुलांना घेऊन धोक्याची वाट धरू नये. दर्शन चार दिवसांनी घेता येते. सोबत आलेले सर्वजण सुखरूप घरी परतावेत, याची काळजी आधी घ्यावी.