तिरंदाजीसाठी शारीरिक क्षमता : रोइंग यंत्राचा पूरक व्यायाम

तिरंदाजी हा केवळ नजरेचा आणि एकाग्रतेचा खेळ आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात त्यामागे मोठे शारीरिक श्रम असतात. ऑलिम्पिकमधील रिकर्व्ह प्रकाराच्या मानांकन फेरीत ७० मीटर अंतरावरील लक्ष्यावर ७२ बाण सोडावे लागतात. धनुष्य ताणण्यास २० किलोग्रॅमचा जोर लागतो असे मानल्यास एका फेरीत एकूण १,४४० किलोग्रॅमचा ताण पाठ व खांद्यांवर येतो. दर सहा बाणांनंतर लक्ष्यापर्यंत जाऊन परतताना सुमारे १,६८० मीटर चालणे होते, ते वेगळेच.

दोन प्रकारची क्षमता

क्रीडाप्रशिक्षणात सर्वसाधारण क्षमता आणि खेळानुरूप विशेष क्षमता असा भेद केला जातो. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या बेंगळुरू येथील नेताजी सुभाष दक्षिण केंद्रासारख्या संस्थांमध्ये मैदानी सरावाला क्रीडाविज्ञानाची जोड दिली जाते, ती याच विचाराने. रोइंग यंत्राचा व्यायाम प्रामुख्याने पहिल्या प्रकारात मोडतो.

यंत्राचा उपयोग

वल्हवण्याच्या क्रियेत प्रथम पाय, मग धड आणि शेवटी हात जोर लावतात. त्यामुळे पाठीचे रुंद स्नायू आणि खांद्यांच्या फऱ्यांदरम्यानचे स्नायू बळकट होतात. प्रत्यंचा खेचून धरताना हेच स्नायू उपयोगी पडतात. दुसरा लाभ हृदय व फुप्फुसांचा. दमश्वास वाढलेल्या खेळाडूच्या हृदयाचे ठोके श्रमानंतर लवकर पूर्ववत होतात. लक्ष्याकडून परतून पुन्हा नेम धरताना ही बाब निर्णायक ठरू शकते.

मर्यादा

वल्हवणे ही दोन्ही बाजूंची समान व गतिमान क्रिया आहे. तिरंदाजीत मात्र एक हात धनुष्य पुढे रेटतो, दुसरा प्रत्यंचा मागे खेचतो आणि शरीर काही सेकंद स्थिर राहते. रोइंग यंत्रावर रेटण्याचा सराव होत नाही, म्हणून जोर-बैठकांतील जोर आणि रबरी पट्ट्यांचे व्यायाम जोडावे लागतात. कंबर वाकवून ओढल्यास पाठीला इजा संभवते. नेमबाजीच्या सरावाआधी जोरदार वल्हवणेही टाळावे, कारण थकलेली पकड बाण सोडताना सैल राहत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, बोलता येईल इतक्या संथ गतीने २० ते ३० मिनिटांचा व्यायाम नवोदितांना पुरेसा आहे.

व्यापक संदर्भ

२०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विजेतेपदे मिळवली. महानगरांबाहेरही गुणवत्ता आहे, हे त्यातून दिसते. प्रत्येक तालुक्यात यंत्र उपलब्ध होणे कठीण असले, तरी धावणे, जोर आणि रबरी पट्टी सर्वांच्या आवाक्यात आहेत. यंत्र हे साधन आहे. त्यामागील शास्त्र गावोगावच्या प्रशिक्षकांपर्यंत पोहोचणे, हे क्रीडाविकासाचे खरे उद्दिष्ट होय.