उपरी मनुष्य शेजारी कसा होतो

रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय आपण पुष्कळदा वाचला आहे; परंतु बवाजाच्या वागणुकीतील एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्याने त्या मवाबी विधवेस केवळ दान देऊन वाटेस लाविले नाही. आपल्या शेतात वेचू दिले, गड्यांनी तिला त्रास देऊ नये अशी ताकीद दिली, आणि जेवणाच्या वेळी कापणाऱ्यांच्या पंक्तीस बसविले. धान्य तिला मिळाले, पण आपल्या हातांनी वेचून.

आम्हां शिवाजी पेठेतील लोकांस ह्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. शहराच्या पूर्वेस वळिवडे येथे 1943 साली पोलंड देशाच्या निर्वासितांची छावणी वसली. रशियाने त्यांस घरांतून उचलून सैबेरियाकडे नेले होते. तेथून सुटून, इराणमार्गे, सुमारे पाच हजार माणसे येथे आली, त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले. त्यांनी बराकींत स्वतःच्या शाळा, देऊळ व नाटकगृह चालविले. आपल्या भाषेत मुलांस शिकविता आले, म्हणून त्यांचे मन मोडले नाही. 1948 पर्यंत बहुतेक पोलिश मंडळी निघून गेली. काही मुलींनी मात्र येथेच संसार थाटले.

त्याच बराकींत पुढे फाळणीमुळे सिंध सोडून आलेली कुटुंबे राहिली. आज त्या वस्तीस गांधीनगर म्हणतात, आणि आपल्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधावयास आपणच तेथे जातो! ज्यांस आसरा दिला, त्यांच्याच दुकानी आपण गिऱ्हाईक झालो. हे केवळ शिध्याने झाले नाही; व्यापारास वाव मिळाला आणि त्यांनी कष्ट केले, म्हणून झाले.

2019 च्या महापुरात पंचगंगेकाठची माणसे घरे सोडून आली, तेव्हा कोल्हापुरात भाकरीचा तोटा पडला नाही. पूर ओसरला की पाहुणे घरी जातात. तेथे भाकरी पुरते. परंतु ज्यांस परत जावयास घरच नाही, त्यांस खोली देणारा मालक, ओळखीचा वाणी, आणि मुलास शाळेत नेऊन नाव घालणारे कोणी पाहिजे. भाषा येत नाही ही सबब आम्हांस पटत नाही. भाजीवालीस ती कधी आडवी आली आहे काय?

मंडळीच्या वडिलांनी पुढील रविवारी एवढेच विचारावे: गेल्या वर्षात आपल्या गल्लीत कोणते नवे कुटुंब राहावयास आले, आणि त्यांच्या घरी आपल्यापैकी कोण जाऊन आले?