मिठागरांचा गाव

बेव्हर्ली पार्क हे नाव इंग्रजी. पण वस्ती मिरा रोडची, ठाणे जिल्ह्यातली. चला, हा मुलूख आपण पाहू.

उत्तरेला वसईची खाडी. पश्चिमेला समुद्र. पूर्वेला डोंगर. खाडीपलीकडे वसईचा किल्ला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगिजांकडून जिंकला.

भाईंदरला मिठागरे. भरतीचे पाणी वाफ्यात घ्यायचे. उन्हाने पाणी आटते, मीठ उरते.

१९८५ साली इथे नगर परिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या शिरगणतीत ८ लाखांवर माणसे भरली.

माणसे वाढली, जमीन तेवढीच. खाडीकाठची तिवरे लाटांचा जोर मोडतात. सखल रान पावसाचे पाणी धरते. ते बुजवले तर पाणी जाईल कुठे? आपल्याच घरात! म्हणून आपण तिवरे राखू या.