छोट्या उपकरणांवर लक्ष कोण ठेवणार?



शाळेत सीसीटीव्ही आला, घरात स्मार्ट बल्ब आला. इंटरनेटला जोडलेल्या अशा वस्तूंच्या जाळ्याला ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ म्हणजेच आयओटी म्हणतात. पण बल्बला स्क्रीन नसते. तो गुपचूप कुणाशी बोलतोय हे आपल्याला कसं कळणार? चला, समजून घेऊया.

उपकरण स्वतः पहारा का देत नाही?

कारण त्याची ताकदच कमी! इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने 2014 मध्ये अशा उपकरणांचे 0, 1 आणि 2 असे वर्ग पाडले. वर्ग 1 च्या उपकरणाची रॅम असते साधारण 10 किलोबाइट. अशी चार लाख उपकरणं एकत्र केली, तेव्हा कुठे 4 जीबी रॅमचा एक मोबाईल होतो! त्यात अँटीव्हायरस मावणार कुठे? कॅमेरे यापेक्षा मोठे असतात, पण त्यांच्यातही आपण अँटीव्हायरस टाकू शकत नाही.

दुर्लक्ष केलं तर काय होतं?

2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने हे जगाला दाखवून दिलं. कंपनीने दिलेला पासवर्ड लोक बदलत नाहीत, एवढंच त्याला पुरेसं होतं. असे साठेक ठरावीक पासवर्ड वापरून त्याने लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबर 2016 ला अशाच उपकरणांनी अमेरिकेतील डाइन कंपनीवर एकाच वेळी मागण्यांचा मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स कित्येक तास नीट उघडेनात. मालकांना मात्र पत्ताच नव्हता, कारण कॅमेरा चालूच होता!

मग लक्ष कुठून ठेवायचं?

पहिलीतल्या मुलाला आपण स्वतःची हजेरी मांडायला सांगत नाही. फाटकावरचे काका वहीत नोंद करतात: कोण गेलं, कुठे गेलं, किती वाजता. दप्तर न उघडताही वेगळं काही घडलं की त्यांना कळतं. आयओटीमध्ये हे फाटक म्हणजे राउटर. संदेश न वाचताही, कोणतं उपकरण कुणाशी, कधी आणि किती बोललं याची नोंद तिथे ठेवता येते. बल्बचं बोलणं ठरलेलं आणि थोडं असतं. तोच बल्ब मध्यरात्री शेकडो अनोळखी पत्त्यांवर संदेश पाठवू लागला, तर काहीतरी गडबड आहे!

वर्गात घ्यायचा खेळ

पाच मुलं उपकरणं, एक मूल राउटर. प्रत्येकाने फक्त ठरलेल्या मित्रालाच चिठ्ठी द्यायची, तीही राउटरमार्फत. राउटर चिठ्ठी न उघडता वहीत नोंद करेल. एका मुलाला हळूच सांगा, ‘तू सगळ्यांना चिठ्ठ्या पाठव.’ शेवटी वही बघून मुलांनीच बिघडलेलं उपकरण शोधायचं.

घरी आणि शाळेत आजच करा

1. कॅमेरा आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदला.
2. राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. अनोळखी नाव दिसलं तर चौकशी करा.
3. अपडेट आलं की टाळू नका.
4. सोय असेल तर या उपकरणांना ‘गेस्ट’ वायफायवर ठेवा.

एक लक्षात ठेवा, या नोंदवहीतून घरातली माणसं कधी झोपतात, कधी बाहेर जातात हेही कळू शकतं. म्हणून ती वहीसुद्धा सांभाळायची, हे मुलांना जरूर सांगा.