साडेसात किलो पीठ, सहा जणी : वाटणी कशी कराल?

मैत्रिणींनो, पापड लाटायची मजुरी किलोवर मिळते. म्हणून पिठाची वाटणी चोख हवी.

समजा, साडेसात किलो पीठ आहे आणि लाटायला सहा जणी आहेत. प्रत्येकीला एकेक किलो दिलं आणि "उरलेलं नंतर बघू" म्हटलं, तर दीड किलो पीठ उरतं. त्याची मजुरी कुणाच्या नावावर लिहायची? इथंच कुरबुर सुरू होते. चला, नीट भागाकार करू.

पायरी १ : सगळ्याचे अर्धे करा. एका किलोत दोन अर्धे, सात किलोत १४. वरचा एक अर्धा धरून १५ झाले. म्हणजे ७ पूर्णांक १/२ = १५/२.

पायरी २ : सहाने भागा. वरचा अंक, म्हणजे अंश, तसाच ठेवा. खालच्या अंकाला, म्हणजे छेदाला, ६ ने गुणा. २ × ६ = १२. उत्तर १५/१२. गुणायचं का? अर्ध्या किलोचे सहा सारखे वाटे केले, तर एकेक वाटा किलोचा बारावा भाग होतो. असे १५ अर्धे आहेत, म्हणून प्रत्येकीला १५ वाटे.

पायरी ३ : सोपं रूप द्या. १५ आणि १२ दोन्हींना ३ ने भाग जातो. ५/४ उरले, म्हणजे १ पूर्णांक १/४. आपला सव्वा किलो!

ताळा करून बघा : सहा जणींचे सहा किलो, आणि सहा पाव म्हणजे दीड किलो. एकूण साडेसात. हिशेब जुळला.

मोबाईलवर हेच उत्तर १.२५ असं दिसेल. ते एक किलो २५ ग्रॅम नव्हे, तर एक किलो २५० ग्रॅम. इथं चुकलात तर प्रत्येकीचं २२५ ग्रॅम पीठ कमी भरेल.

'पावणे' असेल तर जपून. पावणेचार म्हणजे ३ पूर्णांक ३/४, म्हणजेच १५ पाव. पावणेचार किलो मसाला पाच जणींत वाटला तर १५/४ ÷ ५ = १५/२० = ३/४. प्रत्येकीला पाऊण किलो.

आता तुम्ही करा : अडीच किलो तिखट, चार जणी. प्रत्येकीला किती?
(उत्तर : ५/८ किलो, म्हणजे ६२५ ग्रॅम.)

पुढच्या वेळी माल वाटताना हा हिशेब सगळ्यांसमोर मांडा, ताळा करा आणि मगच वहीत सही करा.