‘इन्शाअल्लाह, उद्या’



आमच्या मोहल्ल्यातील एक विधवा भगिनी शिवणकामावर घर चालवितात. शाबान महिन्यात त्यांचे शिलाई मशीन बिघडले. ईदच्या कपड्यांची कामे रमजानमध्येच येतात, म्हणून त्यांनी ते तातडीने दुरुस्तीला दिले. चार दिवसांचा वायदा झाला. पाचव्या दिवसापासून प्रत्येक विचारणेला एकच उत्तर मिळू लागले, ‘‘पार्ट मागविला आहे. इन्शाअल्लाह, उद्या.’’ पुढे फोन उचलणेही बंद झाले. तीन आठवड्यांनी कळले की, पार्ट मागविलाच नव्हता. त्या मला म्हणाल्या, ‘‘मौलाना, पहिल्याच दिवशी ‘होणार नाही’ म्हणाले असते, तर मी भाड्याने मशीन आणले असते.’’

ते दुकानदार कोण, हे सांगणे गीबत ठरेल. त्याची गरजही नाही, कारण हा ‘उद्या’ आपल्यापैकी कित्येकांच्या तोंडी असतो.

‘उद्या’ या शब्दाविषयी पवित्र कुरआनात स्पष्ट ताकीद आहे. सूरह अल्-कहफमध्ये (१८:२३-२४) शिकविले आहे की, एखादी गोष्ट उद्या करण्याविषयी बोलताना अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख करावा. ‘इन्शाअल्लाह’ म्हणणारा हे कबूल करतो की, माझा निश्चय पक्का आहे, परंतु सिद्धी अल्लाहच्या हाती आहे. जेथे निश्चयच नाही, तेथे हा पवित्र शब्द उच्चारणे म्हणजे आपल्या टाळाटाळीवर अल्लाहच्या नावाचे पांघरूण घालणे होय.

बुखारी व मुस्लिममधील प्रसिद्ध हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुनाफिकाची तीन लक्षणे सांगितली आहेत: तो बोलतो तेव्हा खोटे बोलतो, वचन देतो तेव्हा मोडतो आणि अमानत सोपविली असता तिच्यात खयानत करतो. आता त्या एका वाक्याकडे पाहा. न मागविलेला पार्ट ‘मागविला’ म्हणणे हे असत्य, ‘उद्या’ हा वचनभंग आणि दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवणे ही खयानत. तिन्ही लक्षणे एका वाक्यात एकवटली आहेत!

फिकहमध्ये अनेकांची कामे घेणाऱ्या कारागिरास ‘अजीर-ए-मुश्तरक’ म्हणतात. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते त्याच्याकडील वस्तू ही अमानत आहे, मात्र त्याच्या कामामुळे ती बिघडली, तर भरपाई त्याच्यावर येते. इमाम अबू यूसुफ (रह.) व इमाम मुहम्मद (रह.) यांनी तर वस्तू हरवली तरी त्यास जबाबदार धरले आहे, मोठी आग लागावी तशा अटळ आपत्तीचा तेवढा अपवाद. लोकांचा माल सुरक्षित राहावा, हाच त्यामागील हेतू. वस्तू अमानत असेल, तर तिची खरी स्थिती मालकापासून लपविणे योग्य कसे ठरेल? विलंब हा दोष नाही. पार्ट खरोखरच मिळत नसेल, तर कारागीर निरुपाय आहे. परंतु त्या भगिनीचे नुकसान विलंबाने जितके केले, त्याहून अधिक मौनाने केले. दुसरा मार्ग शोधण्याची संधीच त्यांच्या हातून गेली.

ग्राहक रागावला, तर? एकदा एक मनुष्य आपले येणे मागताना प्रेषितांशी (स.) कठोरपणे बोलला. सहाबा संतापले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबविले आणि हक्कदाराला बोलण्याचा अधिकार असतो असे सांगून त्याला त्याच्या येण्यापेक्षा चांगला उंट देवविला. म्हणून फोन उचला, ऐकून घ्या.

ग्राहकांनीही संयम राखावा. काउंटरवरील पगारी मुलावर मालकाचा राग काढू नये. वस्तू देताना तारीख, अंदाजे खर्च व बिघाड लिहून घ्यावा. समजुतीने भागले नाही, तर कायद्याचा मार्ग खुला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडविणे हीसुद्धा सेवेतील त्रुटी आहे; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दुकानदार बंधूंनो, आज दुकान बंद करण्यापूर्वी वही उघडा. ज्यांना ‘उद्या’ सांगून ठेवले आहे, त्यांतील एकाला स्वतःहून फोन करा आणि खरे काय ते सांगा. वचनाविषयी जाब विचारला जाईल, असे कुरआनने (१७:३४) बजावले आहे. तेथे ‘उद्या’ हे उत्तर चालणार नाही.

अल्लाह आपणा सर्वांना वचन पाळण्याची तौफिक देवो. आमीन.