पन्नाशीतल्यांचा रस संपला का?

प्रश्न : नागपूरच्या मिहानमध्ये विमान-दुरुस्तीच्या कामावर मी पर्यवेक्षक आहे. तरुण मुलं नवी कामं मागून घेतात, पन्नाशीतले तंत्रज्ञ मागत नाहीत. त्यांचा रस संपला का?

उत्तर : तसं मानू नका. एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या संशोधकांनी 2001 मध्ये दाखवलं, की माणूस नेमून दिलेलं काम आपल्या परीने घडवतो. रुग्णालयातले काही सफाई कामगार रुग्णांची विचारपूसही आपलंच काम मानत. काम असं घडवताना तरुण बहुधा शिकण्याच्या संधी वाढवतात. ज्येष्ठ आपल्या हातखंड्याकडे काम वळवतात, नवख्यांना शिकवतात. यात काही मागणं नसल्याने ते नजरेत भरत नाही. विमान-दुरुस्तीत मोकळीक कुठली, असं तुम्ही म्हणाल; तो आक्षेप रास्त आहे. तपासणीची एक पायरीही बदलता येत नाही. पण कोणाची जोडी कोणाशी, अवघड बिघाड कोणाकडे, हे तुम्ही ठरवता. पुढची पाळी लावताना कोणतं काम हवं, हे या ज्येष्ठांनाच विचारा.